सासऱ्यांचा जपानी सेट

माझे सासरे आमच्याकडे राहायला आले ते दोन अटी घालून. एक, आपण पाहुणे म्हणून येतोय, घरचे म्हणून नाही. आणि दोन, सेट बरोबर येईल. पहिली अट बायकोने ऐकून न ऐकल्यासारखी केली. दुसरी मी ताबडतोब मान्य केली, कारण तोवर मी तो सेट उचलून पाहिला नव्हता.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. टाक्यांवरचे आणि पाइपांवरचे काटे खरं बोलतात की खोटं ते तपासायचं आणि खोटं बोलणाऱ्यांना वळणावर आणायचं, हे माझं काम. मी मूळचा घाटावरचा, साताऱ्याकडचा. बायको शिरगावची, समुद्राच्या आवाजात वाढलेली. सासूबाई गेल्यावर सासरे शिरगावच्या घरात एकटेच राहत होते. एकदा चहा झाल्यावर स्टोव्ह पेटलेलाच राहिला. त्याची फरफर त्यांना ऐकूच आली नव्हती. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा बायको तिकडे गेली आणि अंगणात फतकल मारून बसली. "तुमी येत नाय तवर मी उठत नाय," म्हणाली. दुपारपर्यंत बसली. सासरे तसे हट्टी, पण लेक त्यांचीच होती.

"लेकीच्या घरी कोन रातो गो?" एवढंच ते टेम्पोत चढताना म्हणाले. त्यांच्या पिढीत जावयाच्या घरी पाणी प्यायलाही माणूस संकोचायचा. हा संकोच त्यांनी आमच्या घरात आणला आणि तो जपला. माझ्याआधी जेवायला बसायचे नाहीत. पाणी भरून ठेवायचे, मासे स्वतः आणायचे, स्वतः साफ करायचे. मला "जावयबापू" म्हणायचे. मी त्यांना मामा म्हणायचो, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. पण मला एखादं काम सांगणं त्यांना कधी जमलं नाही. चष्म्याची काडी निखळली तर पंधरा दिवस दोरा बांधून वापरला. मला स्क्रू पिळायला सांगितलं नाही.

तीसेक वर्षं त्यांनी बोटीवर इंजिनखात्यात काढली होती. त्या खोलीत माणसं एकमेकांशी खाणाखुणांनीच बोलतात म्हणे. उजवा कान तिथेच राहिला, डावाही त्याच वाटेवर होता. पालघरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आधी बारीक आवाज जातील, गाणी जातील, मग हळूहळू माणसांचं बोलणं. हे त्यांनी आम्हाला उद्या वारा कुठून वाहणार ते सांगावं इतक्या सहज सांगितलं. मग म्हणाले, "सेटवर आयकू येतंय तवर चाललंय."

तो सेट त्यांनी कोबे बंदरात घेतला होता. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत, दोन्ही बाजूंना लाकूड, पुढे चकचकीत पत्रा, त्यावर मोठाली गोल बटणं आणि खाली दाबायच्या बटणांची रांग. मधोमध काचेआड एक सुई. स्टेशन नीट लागलं की ती उजवीकडे झुकायची. बरोबर दोन स्पीकर आणि कानावर घालायचा जाडजूड हेडफोन. सेट आमच्या बाहेरच्या खोलीत ठेवला तेव्हा तिथे आणखी काही ठेवायला जागा उरली नाही. बायकोने त्याच्यासाठी क्रोशाचं कव्हर विणलं.

माझी पाळीची नोकरी. आठवड्याआड मी दिवसा झोपायचो, म्हणून मामा स्पीकर कधी लावायचेच नाहीत. सकाळी अंघोळ झाली की धोतर सारखं करून खुर्चीत बसायचे, हेडफोन चढवायचे, आवाज वाढवायचे आणि डोळे मिटायचे. भजनं, बातम्या, मग जुनी गाणी. ती आम्हाला ऐकू येत नसत. आम्हाला ऐकू यायचं ते मामांचं गुणगुणणं. आपण गुणगुणतोय हे त्यांना कळतच नसे. भलत्याच पट्टीत, खणखणीत, आणि शब्द अर्धे गिळलेले. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो आणि मनातल्या मनात चार शब्द बोलायचो. बायको मात्र स्वयंपाकघरात हसायची. "बाबांचं चाललंय ना, चालू दे," म्हणायची.

त्या वर्षी दसऱ्याला तिने घरातल्या यच्चयावत यंत्रांची पूजा केली. शिवणयंत्र, माझं मल्टिमीटर, पक्कड, पाने, सगळं पाटावर मांडलं. सेट पाटावर मावेना, म्हणून त्याची जागच्या जागी पूजा. आधी ओल्या फडक्याने पुढचा पत्रा आणि एकेक बटण घासून पुसलं. मग हळदीकुंकवाची बोटं उमटवली, झेंडूची माळ घातली आणि ओल्या अक्षता अशा काही उधळल्या की पत्र्याला चिकटून राहिल्या. मामा खूश झाले. "बोटीवर आमी विंजिनाला अशीच माळ घालायचो," म्हणाले. कप्तान कोणत्याही देशाचा असो, त्या दिवशी टोपी काढून उभा राहायचा, असंही म्हणाले. ते मला पटलं नाही, पण सणाच्या दिवशी कुठे वाद घालायचा.

दसऱ्यानंतर घर शांत झालं. हे पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं, मला चांगली झोप लागू लागली एवढंच कळलं होतं. मामा रोजच्यासारखे खुर्चीत बसायचे, हेडफोन घालायचे, मान हलवायचे, पण गुणगुणणं बंद. जेवताना मान खाली. काही विचारलं तर आधी आमच्या ओठांकडे टक लावून पाहायचे आणि मग उत्तर द्यायचे, तेही एका शब्दात. आठवड्याभराने त्यांनी हात धुता धुता सांगून टाकलं, "दिवाळी झाली का मी शिरगावला जातो. घर बंद ऱ्हायलं तं वाळवी लागंल."

"आणि स्टोव्ह?" बायकोने विचारलं.

"स्टोव नाय पेटवत. शेजारची भाकरी देईल."

रात्रीची भांडी तिने अशी आपटली की दोन पेल्यांना पोचे आले. मग माझ्यावर आली. तुम्ही झोपेसाठी कुरकुर करता, तुम्ही त्यांच्याशी चार शब्द बोलत नाही, त्यांना इथे परकं वाटतं. मला राग आला, कारण त्यातलं थोडं खरं होतं. आणि दुसरंही एक खरं होतं, ते मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. तो म्हातारा घरातून गेलेला मला चालणार नव्हता. त्यांनी साफ केलेले मासे, भरलेली पाण्याची पिंपं, तो बेसूर आवाज, सगळ्याची मला सवय झाली होती. मला स्वतःचे वडील आठवत नाहीत. हे मी बायकोलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मामा शिरगावचं घर बघायला गेले. मी दिवसाचा मोकळा होतो. म्हटलं, ऐकून तरी बघू हे रोज काय ऐकतात. सेट चालू केला. दिवा लागला, सुई झकास उजवीकडे झुकली. आवाज नाही. स्पीकर लावले, तरी नाही. हेडफोन घातला, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. नाही म्हणायला आत कुठेतरी बारीक सुस्स असा आवाज येत होता, तो मी मनावर घेतला नाही.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो सगळाच्या सगळा चुकीचा होता, पण तेव्हा मोठा लख्ख वाटला. सेट बंद पडलाय, हे मामांना माहीत आहे. जावयाला दुरुस्त करायला सांगायचं नाही, म्हणून हा माणूस इतके दिवस मुक्या सेटपुढे बसून ऐकल्याचं नाटक करतोय! दोरा बांधलेला चष्मा मला आठवला. आणि सेट नाही तर इथे काय ठेवलंय, म्हणून शिरगावला जायचं ठरलंय. बायकोला सांगितलं तेव्हा तिनेही कपाळावर हात मारला. "बाबा असेच आहेत," म्हणाली. आम्ही दोघांनी ठरवलं की त्यांना अवघडल्यासारखं होईल असं काही बोलायचं नाही. गुपचूप दुरुस्त करायचं.

मग मी कामाला लागलो. फ्यूज काढून पाहिला, ठीक. मागच्या पट्टीतल्या स्पीकरच्या तारा काढल्या. आमच्याकडची खारी हवा तांब्याला हिरवं करते, म्हणून त्या ब्लेडने घासून पुन्हा बसवल्या. स्पीकर गेले असतील म्हणून पेन्सिल सेल तारांना टेकवून पाहिला, दोन्ही स्पीकर खट्ट वाजले. म्हणजे स्पीकर जिवंत. सुई हलतेय, म्हणजे रेडिओ जिवंत. मेला असेल तो मधला अॅम्प्लिफायर. वहीत असं ओळीने लिहून काढलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. पाच वाजता मामांची एसटी येणार, त्याआधी कव्हर होतं तसं घालून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक जण होता त्याच्याकडे गेलो. सेट उचलून नेला असता तर मामांना कळलं असतं, म्हणून तोंडीच सगळं सांगितलं. तो सोल्डरिंग करता करता ऐकत होता. "आउटपुट उड़ गया होगा साहब," मान वर न करता म्हणाला. "जपान का माल है, उसका पार्ट इधर नहीं मिलेगा। एक डिब्बे में सब ठूँसा है, एक चीज़ गयी तो सब चुप। आप ऐसा करो, रेडियो उसी का रखो और दो अलग अॅम्प्लिफायर बना लो। बायें का अलग, दायें का अलग।"

घरी येईपर्यंत ही कल्पना माझ्या डोक्यात पक्की बसली होती. दोन कान, दोन अॅम्प्लिफायर. मामांचा डावा कान थोडा बरा, उजवा फारच गेलेला. मग दोघांना सारखाच आवाज कशाला द्यायचा? डाव्याला बेताचा द्यायचा, उजव्याला दणदणीत. बारीक आवाज त्यांना पोहोचत नाहीत, तर तेवढेच जास्त उचलून द्यायचे. कारखान्यातल्या आलेखाच्या रद्दी कागदांवर मी आकृत्या काढल्या. एकावर वर लिहिलं 'मामा डावा', दुसऱ्यावर 'मामा उजवा'. भंगारात पडलेला एक ट्रान्सफॉर्मर हेरून ठेवला, जाड अॅल्युमिनियमचे तुकडे जमवले. पण हिशेब केला तर दिवाळीपर्यंत हे होणार नव्हतं, आणि दिवाळी चार दिवसांवर आलेली. इकडे मामा कपडे घड्या घालून पिशवीत भरायला लागले होते. रोज सकाळी खुर्चीत बसणं चालूच होतं. मान हलवणं चालूच होतं. बायको दारातून ते बघायची आणि डोळे पुसत आत जायची.

रविवारी मला राहवलं नाही. आधीच माझा स्वभाव तापट, त्यात मनात काही दाबून ठेवायची सवय नाही. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि त्यांच्या कानांवरचा हेडफोन सरळ उचलून काढला. बायको आतून धावत आली. तिला वाटलं, भांडणच करतोय.

"मामा," मी डाव्या कानाशी ओरडलो, "पुरे झालं आता. सेट बंद आहे. दसऱ्यापासून बंद आहे. मला सगळं माहीत आहे."

ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. "काय बंद हाय?"

"सेट! आवाज येत नाही!"

"कुनाला येत नाय?"

"कोणालाच! मी लावून पाहिला. मला येत नाही, हिला येत नाही."

त्यांनी हेडफोन माझ्या हातातून घेतला. माझ्या कानावर चढवला. आवाज शेवटपर्यंत फिरवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबले. सुई उजवीकडे झुकलेली, दिवा लागलेला. मी मान हलवली, नाही म्हणून. मग त्यांनी तोच हेडफोन लेकीच्या कानावर घातला. तिनेही मान हलवली.

"तुमाला बी नाय येत?" त्यांनी विचारलं. आवाज असा की लहान मूलच बोलतंय. "दोगांना बी नाय?"

आणि ते रडायला लागले. धोतराचा सोगा तोंडाला लावून, खांदे हलवत. आम्ही दोघे बावळटासारखे उभे. मग ते रडता रडताच हसायला लागले आणि तेव्हा कुठे मला कळायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, आधी गाणी जातील! सेट बंद पडलाय हे त्यांच्या गावीही नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेडफोन घातला, सुई झुकलेली, दिवा लागलेला, म्हणजे यंत्र चालू. मग बिघडलं कोण? आपण. सगळं आयुष्य काटे बघून इंजिन चालवलेला माणूस. काटा खरं बोलतो यावर त्यांचा देवाइतका विश्वास. माझा तरी कुठे कमी होता? गाणी गेली, आता माणसांचं बोलणंही जाणार असं धरून चालले, लेकीला कळू नये म्हणून रोज खुर्चीत बसून मान हलवली, आमचे ओठ वाचायला शिकले. आणि ठार बहिरा म्हातारा लेकीच्या गळ्यात नको, म्हणून पिशवी भरली. मी समजत होतो जावयाच्या भिडेचं नाटक, आणि हे असं होतं.

"बाबा, मला सांगायचं ना," बायको त्यांना गदागदा हलवत म्हणाली. "येवढं सगळं एकट्यानं..."

"सांगून काय, तू घाबरली असतीस."

"मग आता काय झालं मला? बघा!" ती हुंदके देत होती. मीही चष्मा पुसत होतो. आमच्या घरात इतकं रडणं एकाच वेळी कधी झालं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे आनंदाने, एका महागाच्या वस्तूला आवाज नाही म्हणून.

थोड्या वेळाने मामांनी नाक शिंकरलं, बाह्या सारल्या आणि सेटपुढे मांडी घातली. बिघडलेला आता माणूस नव्हता, यंत्र होतं, आणि त्याची त्यांना भीती नव्हती. मी वही घेऊन आलो, फ्यूज, स्पीकर, सुई, सगळं वाचून दाखवायला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून खालच्या बटणांच्या रांगेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चौथ्यावर थांबले. "ह्यो आत कसा?" ते टेपचं बटण होतं. ते आत दाबलं की सेट रेडिओ सोडून टेपरेकॉर्डरचं ऐकतो. टेपरेकॉर्डर आमच्याकडे नव्हताच, म्हणून सेट मुका. बाकीचा अॅम्प्लिफायर ठणठणीत. ती सुस्स त्याचीच होती, आणि मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणवणारा ती ऐकून पुढे गेलो होतो. फडक्याने घासताना बटण आत गेलं असणार आणि वर फटीत अडकून वाळलेला हळदीचा तांदूळ त्याला बाहेर येऊ देत नव्हता. बायकोने तो सुईने टोकरून काढला. बटण टक्कन बाहेर आलं आणि मी गुरुवारी लावून ठेवलेले दोन्ही स्पीकर पूर्ण आवाजात असे काही गरजले की शेजाऱ्यांचं बाळ रडायला लागलं.

"तुम्हाला कारखान्यात पगार कशाचा देतात हो?" बायकोने मला विचारलं. ती हा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षं अधूनमधून विचारत असे.

मामांनी पिशवीतले कपडे त्याच दुपारी पुन्हा दोरीवर टाकले. माझे आलेखाचे कागद त्यांच्या नजरेस पडले तेव्हा त्यांनी 'मामा उजवा' बराच वेळ हातात धरला. वाचता येत होतं, तरी मला विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं. "मंग करू या की," ते म्हणाले. दोन इंजिनांच्या बोटीचं एक रुसलं तर दुसरं घरी आणतं, असंही म्हणाले. त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं काम. थंडीभर सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे बसलो. पत्रा ते कापायचे, जोडणी मी करायचो, भांडणं बरोबरीने. दोन वेगळे अॅम्प्लिफायर तयार झाले, दिसायला अगदी ओबडधोबड, पण उजव्या कानात त्यांना कित्येक वर्षांनी बासरी ऐकू आली. तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन नुसता दाबला.

पुढे तीन-चार वर्षांनी, एका सकाळी, मी पेपर वाचत होतो. मामांनी हेडफोन काढला. बटणांच्या रांगेवरून बोट फिरवलं, सगळी तपासली. दोन्ही अॅम्प्लिफायरांच्या तारा हलवून पाहिल्या. मग हेडफोन माझ्या कानावर चढवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबले. आत कोणीतरी बाई स्वच्छ, सुरेल गात होती. खोटं बोलायचं माझ्या मनात आलं, आलं नाही असं नाही. पण ते डोळे रोखून बघत होते. मी होय म्हणून मान हलवली.

"म्हंजे सेट बरा हाय," ते म्हणाले. "या येळी मीच."

त्यांनी लेकीला हाक मारली. ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "गेले गो माजे कान," त्यांनी तिला सांगितलं, माझ्यादेखत, मोठ्याने. आम्हा दोघांना वाटलं, आता ते शिरगावचं काढतात. त्यांनी शिरगावचं नाव काढलं नाही. चष्मा पुसला आणि तिला विचारलं, "जेवाया काय केलंस?"

आता बोलून उपयोग नव्हता. तिने पीठ लागल्या हाताने त्यांचं मनगट धरलं, त्यांना चुलीपाशी नेलं आणि भांड्यावरचं झाकण उचललं.